राजाचा कासोटा

चौपन्न सालची गोष्ट. महाळुंग्याच्या जत्रेतल्या नाटकात सोपानराव राजा झाले होते. शेवटच्या अंकात छातीत बाण लागून ते असे काही कोसळले, की बायांनी डोळ्यांना पदर लावायलाच हवा होता. पण पडताना धोतराचा कासोटा सुटला, आणि मेलेल्या राजानं हात मागं नेऊन तो हळूच पुन्हा खोचला. सगळं गाव पोट धरून हसलं.

"या गावाला नाटकातलं काय कळतंय!" घरी येऊन ते फणफणले.

"मग सोंगाड्याच व्हा की," त्यांची बायको गोजाबाई हसू दाबत म्हणाली.

ते त्यांनी मनावर घेतलं. पुढच्या जत्रेत सोंगाड्या होऊन कोलांट्या मारल्या, तोंडं वेडीवाकडी केली. लोक मयताला आल्यासारखे गप्प.

"आता गं?" त्यांनी पडेल चेहऱ्यानं विचारलं.

"तुमी हसवायला गेलात की कुणी हसत न्हाई. तुमी आपलं मनापासून मरा."

तेव्हापासून सोपानराव दरसाल राजाच झाले आणि जीव ओतून मेले. फक्त बाण लागायच्या आधी पडद्याआड जाऊन कासोटा तेवढा स्वतःच्या हातानं सैल करून येत.