दारामागचा सिलिंडर

मित्रांनो, मी एक जुना सिलिंडर आहे. स्वयंपाकघरातला माझा जाडजूड चुलतभाऊ तुम्ही रोज पाहता. तो मी नव्हे. मी उंचीने तुमच्या गुडघ्याच्या जरा वर येईन. माझे अंग काळे आणि खांदे पांढरे आहेत, आणि माझ्या पोटात प्राणवायू भरतात.

एका अखंड पोलादी नळीतून माझा जन्म झाला. तिचे एक टोक तापवून तळ केला, दुसरे आवळून मान केली. मग पोटात पाणी भरून एवढा दाब दिला की मला वाटले, आता आपण फुटणार. नाही फुटलो. तेव्हा कुठे माझ्या खांद्यावर आकडे ठोकले.

तरुणपणी मी रुग्णवाहिकेत होतो. माणसे घाईत यायची, घाईत जायची. मी ज्यांना श्वास दिला त्यांचे पुढे काय झाले, हे मला एकदाही कळले नाही. चालक मात्र माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, हा गडी कधी दगा देत नाही. त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे काढली. पुढे नवे, हलके सिलिंडर आले आणि माझी रवानगी घरोघरी उपकरणे देणाऱ्या कोठारात झाली. तिथून मी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलो.

त्या घरात एक मुलगी होती. ती साडेतीन महिने आधीच जन्मली होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती की तिचे वडील तिला ठिपकी म्हणाले, आणि तेच नाव पडले. चार महिने ती इस्पितळात काचेच्या पेटीत होती. जगली, पण तिची फुप्फुसे कच्ची राहिली. म्हणून घरी आली ती नाकात बारीक नळी घेऊनच. नळी गालांवर चिकटपट्टीने बसवलेली, आणि तिचे दुसरे टोक कोपऱ्यातल्या विजेवरच्या यंत्राला. ते यंत्र हवेतून प्राणवायू वेगळा काढायचे आणि दिवसरात्र घुरघुरायचे. ठिपकीची आई त्याला मामंजी म्हणायची. "कोपऱ्यात बसायचं आणि अखंड कुरकुरायचं," ती म्हणायची, आणि एकटीच हसायची.

मला दारामागे भिंतीला पट्ट्याने बांधले. मी राखीव होतो. वीज गेली, मामंजी थांबले, तरच माझे काम. कोणालाच माझी गरज पडायला नको होती, आणि ते बरोबरही होते. पण मित्रांनो, आपली गरज कधीच पडू नये अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्या घरात राहणे सोपे नसते. आई रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसायची. पुसताना माझ्याकडे पाहायची नाही.

तीही एकटीच होती. वडील मालवाहू गाडी चालवायचे. गेले की चार-चार दिवस येत नसत. आई पूर्वी छापखान्यात मुद्रिते तपासायची, ती नोकरी सुटली. सर्दीखोकला असलेल्या कोणालाही आत घ्यायचे नाही, घरात धूर नको, उघडी ज्योत नको, असे इस्पितळातल्या सिस्टरने बजावले होते. सिस्टर दर गुरुवारी यायच्या, आकडे लिहून घ्यायच्या आणि जायच्या. शेजारच्यांनी आधी चौकशी केली. मग नळी पाहून त्यांना वाटले, काही लागण असेल. हळूहळू जिन्यातली पावले त्या दारापाशी जलद होऊ लागली.

एकच माणूस दारापाशी थांबायचा. ते ठिपकीचे आजोबा, आईचे वडील. आयुष्यभर त्यांनी प्राणवायूच्या ज्योतीने लोखंड कापायचे आणि जोडायचे काम केले होते. भुवयांवर ठिणग्यांचे बारीक डाग होते. आणि सिगारेटचे व्यसन चाळीस वर्षांचे होते. ठिपकी घरी आल्यावर पंधराव्या दिवशी त्यांनी खिडकीपाशी उभे राहून सिगारेट शिलगावली. आईने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, कपड्यांना वास असेल तरी तिला त्रास होतो. सोडा, मग आत या."

आजोबांनी सोडायचा प्रयत्न केला. सहा दिवस गेले, सातव्या दिवशी हार खाल्ली. दुसरा कोणी असता तर सोडली म्हणून सांगून आत आला असता. आजोबा खोटे बोलले नाहीत. ते रोज दुपारी चार वाजता जिने चढून यायचे आणि दाराबाहेर पायरीवर बसायचे. आई दार जरासे उघडून चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायची आणि पुन्हा लोटून घ्यायची. दोघे फारसे बोलत नसत. मी दारामागेच असल्यामुळे मला दोन्हीकडचे ऐकू यायचे. अलीकडे आई ठिपकीशी गुणगुणायची, पलीकडे आजोबा कपात फुंकर घालायचे. मध्ये एक लाकडी फळी. असे पाच महिने गेले.

मग ती दुपार आली. ठिपकी नुकतीच झोपली होती. दिवे गेले, मामंजींनी एक लांब किंकाळी मारली आणि ते गप्प झाले. त्या घरात इतकी शांतता मी प्रथमच ऐकली.

आई गडबडली नाही. काय करायचे ते तिला शिकवलेले होते. तिने नळी यंत्रापासून काढली, माझ्या मानेवरच्या जोडाला लावली आणि छोटी लोखंडी चावी फिरवली. चावी फिरेना. भरणाऱ्याने माझे तोंड जास्तच आवळून बंद केले होते, आणि घरी आणल्यापासून कोणी एकदाही उघडून पाहिले नव्हते. तिने दोन्ही हातांनी जोर केला. चावी निसटली आणि तिचे बोट सोलले. ठिपकीच्या पायाला रक्तातला प्राणवायू मोजणारे छोटे यंत्र लावलेले होते. त्यावर पंचाण्णव होते, ते नव्वद झाले, मग सत्त्याऐंशी. आईने कोठारात फोन लावला. माणूस अर्ध्या तासात पाठवतो म्हणाले.

माझ्या पोटात तिला आठ तास पुरेल एवढा श्वास भरलेला होता, आणि मी तो देऊ शकत नव्हतो. रुग्णवाहिकेतले ते वाक्य मला आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

आई स्वयंपाकघरात धावली आणि तेलाची बाटली घेऊन आली. घट्ट झाकणांना ती तेलच लावायची. बाहेर आजोबा उठून उभे राहिले होते. चावी निसटल्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी दाराला तोंड लावून विचारले, काय झाले. फिरत नाही, तेल घालते, असे ती म्हणाली.

"थांब," आजोबा म्हणाले. "तेल नको. एक थेंबही नको. दाबातल्या ऑक्सिजनला तेल लागलं की भडका उडतो. बाटली लांब ठेव आणि दार उघड."

तिने बाटली खाली ठेवली आणि दार उघडले. आजोबांनी खिशातले सिगारेटचे पाकीट आणि काडेपेटी पायरीवर टाकली. अंगातला सदराही काढून तिथेच टाकला. नुसत्या बनियनवर ते आत आले आणि आधी मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले. यंत्रावर एक्क्याऐंशी होते. ठिपकीच्या ओठांचा रंग बदलला होता. आईने तेलाचे हात साबणाने धुऊन तिला उचलून खांद्याशी धरले होते.

आजोबा माझ्यासमोर गुडघे टेकून बसले. त्यांनी मला पायांत घट्ट धरले, चावी नीट बसवली आणि तळव्याने तिला एकच आखूड धक्का दिला. "जोर नाही लागत," ते पुटपुटले, "धक्का लागतो." माझे तोंड सुटले. मग त्यांनी ते हळूहळू उघडले, जणू झोपलेल्या माणसाला उठवायचे आहे. आईने प्रवाहाचा काटा मिनिटाला अर्ध्या लिटरवर लावला. नळीतून बारीक सुस्कारा गेला. त्र्याऐंशी. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव झाल्यावर आई भिंतीला टेकून खाली बसली.

वीज यायला सव्वा तास लागला. कोठारातला माणूस आला, माझी मान तपासली आणि ठीक आहे म्हणून गेला. तेवढा सगळा वेळ आजोबा माझ्या शेजारी जमिनीवर बसून होते, तोंड बाजूला वळवून. आपला श्वास तिच्यावर जाऊ नये म्हणून. ठिपकी जागी झाली आणि त्यांच्याकडे टक लावून पाहू लागली. पाच महिन्यांत ती दुपटीने वाढली होती. ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला पाहत होते.

बऱ्याच वेळाने आईने विचारले, "बाबा, रोज पायरीवर कशाला बसता? घरी बसलात तर पाठ तरी टेकता येईल."

"घरी कोण आहे?" आजोबा म्हणाले. "इथं निदान तिचा खोकला ऐकू येतो."

आईने ठिपकीचा मोजा काढला आणि ते एवढेसे पाऊल त्यांच्या धुतलेल्या तळव्यावर ठेवले. मामंजी कुरकुरू लागले तसे आजोबा उठले, बाहेर जाऊन सदरा चढवला आणि दार स्वतःच ओढून घेतले.

त्यानंतर रोज सकाळी आई माझी चावी फिरवून पाहायची. फिरवताना ती माझ्याकडे पाहायची, आणि मला तेवढे पुष्कळ होते.

पुढचे सात महिने सिस्टर दर गुरुवारी मामंजींवरचा काटा जरा खाली आणत गेल्या. अर्धा लिटर, पाव लिटर, मग फक्त झोपेत. आईला भीती वाटायची. सिस्टर गेल्यावर ती काट्याकडे हात न्यायची आणि मागे घ्यायची. ठिपकी सतरा महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टरांनी नळी काढायला सांगितले. चिकटपट्टीखालची कातडी दोन्ही गालांवर फिकट चौकोनांसारखी दिसत होती. यंत्र परत गेले त्या दिवशी आईला शांततेमुळे झोप लागेना.

दोन दिवसांनी मला न्यायला गाडी आली. आईने मला उंबऱ्यावर आणून ठेवले आणि तिथून आजोबाच मला खाली घेऊन गेले, दुसऱ्या कोणाला उचलू दिले नाही. निघताना दारात आई म्हणाली, सिगारेट सोडून सव्वीस दिवस झाले ना बाबा, आता आत या की.

"अजून चार," आजोबा म्हणाले. "महिना होऊ दे. मागं सातव्या दिवशी मी कसा वागलो ते मला माहीत आहे."

त्यांनी मला गाडीत आडवे ठेवले, पट्टा आवळला, दोनदा ओढून पाहिला. मग दार लागले.

मित्रांनो, आता मी कोठारात फळीवर आहे. माझ्या तपासणीची तारीख उलटून गेली आहे आणि मला उचलायला कोणी आलेले नाही. तुमच्या इमारतीत नाकात नळी लावलेले बाळ असेल तर घाबरू नका. ती लागण नसते. तुम्हाला सर्दी असेल तर आत जाऊ नका, पण जिन्यात पाय जलद टाकू नका. दाराबाहेरूनच बाळाचे नाव विचारा. आतल्या माणसाला दिवसभरात कोणी काही विचारलेले नसते. आणि राखीव म्हणून ठेवलेली वस्तू असो वा माणूस, गरज पडायच्या आधी एकदा हात लावून पाहा.

मला स्वतःसाठी एकच गोष्ट कळायला हवी होती. ते उरलेले चार दिवस कसे गेले, आणि पाचव्या दिवशी चार वाजता आजोबा पायरीवर बसले की आत गेले. पण ते सांगायला इथे कोणी येत नाही.