झुंबरबाईची पिल्लं

नेमीचंदच्या घरात झिंगे पाळलेत, ही बातमी पसरली तेव्हा आमची गल्ली पोट धरून हसली. कांदा-लसूणसुद्धा न खाणारं घर ते! कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं तर प्रियलला विचारलं, "काय गं, मसाला देऊ का बांधून?" त्यानंतर कितीतरी दिवस प्रियल त्याच्या दुकानाकडे फिरकली नाही.

प्रियल ही नेमीचंदची मुलगी, चौथीतली. नाशिकच्या मामानं तिला वाढदिवसाला काचेची टाकी आणि गोड्या पाण्यातले हे नखाएवढे लाल झिंगे दिले होते. आमची घरं भिंतीला भिंत लावून. विहीर माझ्या अंगणात असली तरी दोन्ही घरांची. मी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून गल्लीतली मुलं संध्याकाळी माझ्या ओट्यावर अभ्यासाला बसतात. प्रियल सगळ्यांच्या आधी यायची, आल्याआल्या विहिरीत वाकून स्वतःचं नाव ओरडायची आणि विहिरीनं ते परत केलं की मगच दप्तर उघडायची. मला ती आबेदाखाला म्हणते.

टाकी आली तेव्हा तिची दादी, प्रेमकुंवरभाभी, रागावल्या. "जिवाला असं कोंडून ठेवतात का?" पण आलेला जीव उपाशी ठेवणंही त्यांना जमेना. नळाच्या पाण्यातल्या औषधानं झिंगे मरतात असं मी सांगितलं, तेव्हापासून त्या माझ्या विहिरीचं पाणी टाकीत घालू लागल्या. तेही गाळून. भाभी पाण्याचा थेंबसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय वापरत नाहीत. मग फडकं उलटं करून, त्यावर गाळलेलं पाणी ओतून, फडक्यात अडकलं असेल नसेल ते सगळं बादलीतून पुन्हा विहिरीत सोडतात. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात परत. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना रोज सकाळी हे करताना पाहत होते.

टाकीतल्या एका मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस लटकला. प्रियलनं तिचं नाव झुंबरबाई ठेवलं. मे महिन्यात अंडी फुटली. पिल्लं म्हणजे काय, पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे. मी तिला माझं भिंग दिलं, तेव्हा कुठे ती दिसली.

"खाला, ही जळगावची ना? इथंच जन्मली ना?"

"हो, तुझ्यासारखीच."

तेव्हा त्यांच्या घरात बांधाबांध सुरू झाली होती. धुळ्याला थोरल्या भावाचं कापडाचं दुकान होतं, त्याची तब्येत बिघडली म्हणून नेमीचंद कुटुंब घेऊन तिकडे निघाला होता. प्रियल जायला तयार नव्हती. शेवटी तिनं स्वतःशीच तोड काढली, "ही पिल्लं आली ना, तर मी जाईन. मग तिथंही जळगावचं कुणीतरी असेल."

मोठे झिंगे आम्ही झाकणाच्या बादलीत घेतले. पिल्लं काही पकडता येईनात. मी म्हटलं, "टाकीत चार बोटं पाणी आणि शेवाळ राहू दे. पिल्लं त्यातच येतील. टाकी तुझ्या पायाशी ठेव."

निघायच्या सकाळी, उन्हानं पाणी तापू नये म्हणून बादलीभोवती ओल्या फडक्यात गुंडाळायला बर्फ हवा होता. मी आणि प्रियल तो आणायला चौकात गेलो. परतलो तर टाकी गोधडीत गुंडाळून टेम्पोत चढलीसुद्धा होती.

"दादी, पाणी?"

"सगळं नीट केलंय, बेटा. बस आता, ऊन होतंय."

प्रियल बादली मांडीवर घेऊन बसली. टेम्पो वळेपर्यंत ती माझ्याकडे नाही, माझ्या अंगणाकडे पाहत होती.

वाटेत एरंडोलला थांबून त्यांनी बादलीचं फडकं पुन्हा ओलं केलं. झुंबरबाई सुखरूप पोचली. संध्याकाळी मात्र प्रियलचा फोन आला, हुंदक्यांनी भरलेला. "खाला, टाकी कोरडी आहे. एकपण पिल्लू नाही."

मागून भाभींचा आवाज आला. प्रियलनं फोन त्यांच्याकडे दिला.

"आबेदाबाई, तो टेम्पोवाला चिंधा म्हणाला, 'मायबाई, पानी काढी टाका, नहीते काच फुटी जाई.' म्हणून काढलं. पण गाळून काढलं हो! गटारीत थेंब टाकला नाही. फडक्यातलं तुमच्याच विहिरीत सोडलं, रोजच्यासारखं."

त्यांच्या डोळ्यांना ती पिल्लं कधी दिसलीच नव्हती. पोरगी चेष्टा करते, असंच त्यांना वाटायचं. पण जे दिसत नाही त्याच्यासाठीच तर त्या जन्मभर पाणी गाळत आल्या होत्या.

प्रियलनं फोन ओढून घेतला. "म्हणजे ती विहिरीत आहेत? जिवंत?"

खोटं सांगवेना. "असतील, बेटा. मी बघते."

सकाळी मी बादल्या उपसल्या, भिंग लावून पाहिलं. काही नाही. तिचा रोज फोन यायचा, "दिसली?" मी म्हणायची, "अजून नाही." मग शाळा सुरू झाली. नव्या पाण्यात झिंगे सोडताना त्यांच्या जुन्या पाण्यात नवं थोडंथोडं मिसळायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. झिंगे तिकडे रुळले. तिचा आवाज मात्र फोनवर बारीक होत गेला. पुढे पुढे ती विचारेनाशी झाली.

ओट्यावर बाकीची मुलं येत होती. माझं लक्ष उगीचच विहिरीकडे जाई. भाभींनी एक फडकं खुंटीवर ठेवून दिलं होतं. मी त्यातून पाणी गाळू लागले आणि फडक्यातलं त्यांच्यासारखंच विहिरीत सोडू लागले.

गणपती उठले, त्या आठवड्यात फडक्यावर एक लाल ठिपका हलला. नखाएवढा, मिशा फिरवणारा. मी तो पातेल्यात घेतला आणि फोन लावला.

प्रियल किंचाळलीच.

"माझा मुलगा नईम सोमवारी कामाला धुळ्याला येतोय," मी म्हटलं. "बरणीत घालून देते त्याच्याजवळ. येईल तुझं जळगावचं माणूस."

तिनं विचारलं, "एकटाच आहे?"

"वर एकच आला. खाली असतील आणखी."

"दादी, काय करू?"

"तुझा जीव आहे, तू ठरव," भाभी मागून म्हणाल्या.

"खाला, त्याला फक्त तेच पाणी माहीत आहे ना?"

"हो."

"मग राहू दे. सोडा त्याला." तिनं नाक ओढलं. "पण फोन विहिरीत धरा. लांब, खाली."

मी पातेलं बादलीत ओतलं, बादली हळूच पाण्यात उतरवली. मग फोनचा आवाज मोठा केला आणि कठड्यावरून हात जाईल तितका खाली धरला. धुळ्याहून ती स्वतःचं नाव ओरडली.

पाण्यावरून ते फिरून वर आलं, लांबलेलं.

मी फोन पुन्हा कानाशी आणला.

"खाला," ती हळूच म्हणाली, "पुन्हा धरा."