घळीच्या काठावरचे आठ किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुने मोजणीचे चाक आहे. कॉलेजच्या क्रीडाखोलीत, फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेले चेंडू यांच्या शेजारी मी भिंतीला टेकून उभा असतो. कंबरेइतका उंच लाकडी दांडा, खाली रबराची धाव चढवलेले लोखंडी चाक आणि बाजूला काचेआडचे आकडे, एवढाच माझा संसार. मला जमिनीवरून ढकलत नेले की आकडे पुढे सरकतात आणि वाट किती लांब आहे ते कळते. काम तसे साधे. पण या साध्या कामात मी जितका घाबरलो आहे, तितके रुग्णवाहिकेचे चाकही कधी घाबरले नसेल.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने मला आखलेल्या रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले आणि शेवटी माझ्या दांड्यावर थाप मारून तो म्हणाला, "याच्या पोटात पाप नाही." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे ताठ मानेने जगलो.

कॉलेजात मी क्रीडाशिक्षकांच्या, म्हणजे सरांच्या हाती आलो. क्रॉस कंट्रीच्या शर्यतीचा मार्ग दरवर्षी तेच आखत. मैदानातून निघायचे, वसतिगृहाच्या भिंतीकडेने पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे, झाडीत शिरायचे, घळीत उतरून समोरचा चढ चढायचा आणि परत मैदानात यायचे. वळणावर सर मला अगदी आतल्या कडेने नेत. "पळणारा जवळची वाटच धरणार, मग मोजणाऱ्यानेही तीच धरायला हवी," असे ते शिकवत. चिखल लागला की फडक्याने माझी धाव पुसत. बाहेरची माणसे मार्ग तपासायला आली आणि माप तंतोतंत जुळले, की सर माझ्याकडे असे पाहत, जणू मीच शर्यत जिंकली आहे.

मुले अशी दहा किलोमीटर पळत आणि मुली घळीच्या अलीकडूनच वळून पाच. असे का, हे कुणी विचारत नव्हते. मग मुलींना खेळ शिकवणाऱ्या बाई आल्या आणि त्यांनी विचारले.

"मुलींनी पाचच का पळायचं?" क्रीडाखोलीतल्या बैठकीत त्यांनी सुरुवातच केली. "वर्गात तास सारखे, परीक्षा सारखी. पळायला आलं की आम्ही अर्ध्या?"

मुलांचा कप्तान उंच होता, त्याला सगळे लंबू म्हणत. तो म्हणाला, "बाई, त्यांचं वाढवा हवं तर, पण आमचं दहा कमी करू नका. दहा म्हणजे आमची इज्जत आहे."

"इज्जत किलोमीटरमध्ये मोजतोस होय रे? मग चाळीस पळ की!" बाई म्हणाल्या. सगळे हसले.

सर मात्र हसले नाहीत. दोघांसाठी आठ, असा बाईंचा प्रस्ताव होता, आणि बाहेरच्या मोठ्या स्पर्धेतही यंदापासून तेच अंतर होते. सर म्हणाले, "घळ वाईट आहे. एक पोर तिथे कोसळलं होतं. झाडीमुळे कुणाला दिसलंसुद्धा नाही. सापडलं तेव्हा ओठ निळे पडले होते. वाचलं, पण पुन्हा पळालं नाही."

 बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तो मुलगा होता. मग मुलांचं अंतर का नाही कमी केलंत?"

सरांची नजर दाराकडे गेली. खरे कारण दाराशी बुटांच्या नाड्या बांधत बसले होते. ती सरांची मुलगी. सतत गोल गोल फिरायची म्हणून लहानपणापासून तिला सगळे भिंगरी म्हणत. ती यंदा कॉलेजात आली होती आणि मुलींमध्ये सगळ्यात पुढे पळत होती. आठ किलोमीटर म्हटल्यावर तिचे डोळे लकाकले, आणि त्याच क्षणी दांड्यावरचा सरांचा हात घामेजला. तो ओलावा मला अजून आठवतो. मलाही भीती वाटली, मित्रांनो. माणसाची भीती दांड्यातून चाकापर्यंत उतरते.

प्रस्ताव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन नवा मार्ग मोजायला एकटेच निघाले. झाडीपर्यंत सगळे नेहमीसारखे झाले. घळीच्या काठावर मात्र ते थांबले. खाली ओल होती, दगड निसरडे होते. सरांनी आजूबाजूला पाहिले आणि मला जमिनीवरून उचलले.

मला वाटले, धाव पुसणार असतील. पण त्यांनी मला हवेत धरले आणि हाताने फिरवायला सुरुवात केली. मी गरगरत होतो, आकडे धावत होते आणि माझ्याखाली जमीनच नव्हती! घळीची उतरण, तळ आणि चढ, सारे त्यांनी एका जागी उभे राहून माझ्याकडून वदवून घेतले. मी ओरडू शकत नव्हतो. थांबू शकत नव्हतो. मग मला खाली टेकवून ते काठाच्या सपाट पायवाटेने निघाले आणि तिथेच निशाणे रोवत गेले. मैदानात पोहोचलो तेव्हा काचेआड आठ किलोमीटर दिसत होते.

"घळीत उतरायची गरजच पडली नाही," त्यांनी बाईंना सांगितले. बाईंनी माझे आकडे वाचले आणि मान डोलावली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शर्यत झाली. त्या दिवशी सारे कॉलेजच वाऱ्यावर स्वार झाले होते. लंबूने किलोमीटरमागच्या वेळेचा कॉलेजचा जुना विक्रम मोडला. लंबूच्या मागच्यानेही मोडला. जो नेहमी धापा टाकत शेवटी यायचा, तोही स्वतःची वेळ ऐकून चक्रावला. भिंगरी मुलींत पहिली आली आणि बाबांच्या गळ्यात पडली. "आठ! बाबा, आठ पळाले मी! आणि अजून दम शिल्लक आहे!" सर हसले, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कारण आता बाई तिला मोठ्या स्पर्धेला पाठवणार होत्या. तिथले आठ किलोमीटर खरे होते, डोंगरउताराचे होते. भिंगरी रोज मैत्रिणींना सांगू लागली, "आपण सुरुवातीपासून जोरात सुटायचं. आठ म्हणजे काही फार नाही." ती हे बोलली की सर खोलीतून बाहेर जात. जिला वाचवायला त्यांनी मला उचलले होते, तिला आता खोट्या मापाच्या भरवशावर ते स्वतःच संकटात लोटत होते. मी कोपऱ्यात उभा राहून विचार करत होतो. ही मुलगी त्या परक्या डोंगरात पडली तर? तिथे तिला कोण शोधणार?

शेवटी संघाची निवड जाहीर करायला सगळे खोलीत जमले, तेव्हा सर उठले आणि त्यांनी माझा दांडा घट्ट धरला.

"तो मार्ग आठचा नव्हता," ते म्हणाले.  "चाकात दोष नाही. घळीपाशी मी ते उचलून हाताने फिरवलं. तुम्ही सगळे कमी पळालात."

लंबूचा विक्रम गेला.  भिंगरी उभी राहिली. 

"म्हणजे मी आठ पळालेच नाही?"

"नाही, बाळा."

"आणि तुम्ही मला पळाले म्हणू दिलंत?"

त्यावर सरांनी मान खाली घातली. भिंगरी म्हणाली, "मग आज मोजा. खरं मोजा. मी आजच पळणार, घळीतून."

त्या दुपारी सरांनी मला जमिनीवरून जराही न उचलता सारा मार्ग फिरवला. निसरड्या दगडांवर ते दोनदा घसरले, पण माझी धाव मातीला लागूनच राहिली. बाईंनी घळीत एक माणूस उभा केला. पाणी ठेवले. हे इतके सोपे होते आणि इतक्या वर्षांत कुणी केले नव्हते.

मुली सुटल्या. सर मला धरून शेवटच्या रेषेपाशी उभे राहिले. झाडीपलीकडचे काही दिसत नव्हते. एक मुलगी आली. मग दुसरी, तिसरी. भिंगरी नव्हती. सरांनी मला इतके आवळले की दांडा करकरला. आणखी दोघी आल्या. "ती कुठंय?" सरांनी विचारले. एकीने धापा टाकत मागे हात केला. मित्रांनो, लोखंडाला घाम फुटत नाही म्हणतात, पण मला फुटला असता तर तेव्हाच.

मग झाडीतून ती बाहेर आली. ती पळत नव्हती, चालत होती. गुडघा खरचटलेला, केस तोंडावर आलेले, चेहरा लालबुंद. जुन्या हिशेबाने जोरात सुटली होती आणि घळीच्या चढावर तिचे पाय संपले होते. सर धावायला निघाले, पण तिने लांबूनच हात वर करून त्यांना थांबवले. सर थांबले. कसे थांबले, ते मला माहीत आहे. त्यांचा सारा भार माझ्यावर होता.

सगळ्यांत शेवटी तिने रेषा ओलांडली आणि गवतात बसली. सरांनी तिला पाणी दिले. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "आता कळलं आठ म्हणजे किती ते. आता नीट पळेन."

थोड्या वेळाने तिने माझ्या धावेला लागलेला चिखल बोटाने काढला आणि बाबांकडे न बघता म्हणाली, "भीती वाटली तर मला सांगत जा, बाबा. चाक उचलू नका."

सर तिच्याशेजारी गवतात बसले आणि म्हणाले, "भीती वाटते गं. अजून वाटते."

"मग सांगत राहा," ती म्हणाली.

मित्रांनो, आता माझी धाव झिजली आहे आणि आकड्यांची काच तडकली आहे. मला पुसले नाहीत तरी चालेल. अडगळीत टाकलेत तरी मी समजून घेईन. पण तुमच्या माणसांची वाट मोजायला कधी माझ्यासारखे काही हाती घेतलेत, तर त्याला जमिनीवर टेकवून ठेवा. तुमचे हात कापत असले तरी चालतील.