निवृत्तीचं वय

"काकांनी या छपाई मशीनला पोटच्या पोरीसारखं जपलं," मॅनेजरसाहेब सांगत होते. भाषण ऐन रंगात आलं होतं, आणि ती कॅन्टीनच्या दारातच अडखळून उभी राहिली होती.

टेबलं भिंतीला लावून जागा केलेली. मधल्या खुर्चीत काका, कारखान्याचे सर्वांत जुने फोरमन, मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन नवऱ्यामुलासारखे अवघडून बसले होते. मागे त्यांच्या हाताखालची ऑपरेटर उभी होती, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. उद्यापासून फोरमनची जागा तिची.

दारातली ती म्हणजे कारखान्याची एचआर. नेमणुका, रजा, भांडणं, निरोप, सगळं तिच्या गळ्यात. मागून सगळे तिला 'कलमबाई' म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. अलीकडे कायदे असे बदलत होते की एक नियम पाठ होतो न होतो तोच दुसरा दारात हजर. दात घासतानाही ती परिपत्रकं वाचायची. "तुझ्या सरकारला झोप लागत नाही वाटतं," सासूबाई म्हणायच्या, "आणि ते तुलाही लागू देत नाही."

आज दुपारी जेवताना मोबाइलवर दिसलं: निवृत्तीचं वय अठ्ठावन्नवरून साठ, कालपासून लागू. घास हातातच राहिला. तिने वकिलांना फोन लावला.

"खरं आहे," ते म्हणाले. "तुमच्या फोरमनलाही लागू. आता त्यांनी आपखुशीने जातो म्हणून सही दिली, तर गोष्ट वेगळी."

तशीच उठून ती मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली.

"मग घ्या की सही," मॅनेजर म्हणाले. "कार्यक्रमातच घेऊन टाकू, हसतखेळत."

"त्यांना सांगून ना?"

"सांगून कशाला? माणूस मनाने कधीच निघालाय. त्यांच्या जागेचं ठरलंय, केक आलाय. उगाच सुखाचा जीव दुःखात घालू नका, मॅडम."

तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. गोदामापर्यंत जाऊन ती विनाकारण परत आली. पाणी प्यायली, पुन्हा प्यायली. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? आणि बोललं तर त्या ऑपरेटरचं काय? इतकी वर्षं वाट पाहून मिळालेल्या बढतीची बातमी तिला हिनेच दिली होती, तेव्हा त्या बाईने हिचे दोन्ही हात धरले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

टाळ्या झाल्या. मॅनेजरांनी काकांपुढे कागद ठेवला. "एवढी एक औपचारिकता, काका."

काकांनी खिसे चाचपले. "चष्मा मशीनवरच राहिला. कुठं करायची ते दाखवा." मग त्यांना दारातली ती दिसली. "मॅडम, तुम्ही वाचलंय ना हे? मग झालं."

ती पुढे आली. कशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"वाचलंय, म्हणूनच म्हणते, थांबा जरा. नियम बदललाय काका. वय साठ झालंय. तुम्हाला अजून दोन वर्षं राहता येतं."

मॅनेजरांच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहून गेलं.

"म्हणजे मी नाही गेलो तरी चालेल?"

"हो."

"आणि गेलो तर?"

"तेही चालेल. पण ते तुम्ही ठरवायचं."

काकांनी पेनाला टोपण लावलं. सावकाश, मशीनचा नट बसवावा तसं. "महिनाभर जो तो विचारतोय, आता काय करणार म्हणून. थांबा असं कुणी म्हटलं नाही." ते जरासे हसले. "कायद्याने का होईना, म्हटलं."

मग त्यांनी मान वळवली. "पोरी, तुझं गं काय?"

ऑपरेटर खुर्चीमागून पुढे आली. "थांबा काका," ती म्हणाली. "थांबा."

केकचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. शेवटी तो कापला. मॅनेजर जाता जाता एचआरच्या कानाशी "उद्या बोलू" म्हणाले. उद्या काय बोलणं होईल ते तिला न सांगता कळलं.

ती घरी निघाली तेव्हा फोरमनच्या केबिनमध्ये दिवा होता. ऑपरेटर आत आवरत होती. दुपारीच आणून मांडलेल्या वस्तू ती पिशवीत भरत होती: पाण्याची बाटली, लेकीचा फोटो, खुर्चीवर टाकलेली नवी उशी.

हिला काहीतरी बोलायचं होतं. ही दाराशी थांबली.

"मॅडम," ऑपरेटरनेच मान वर न करता विचारलं, "कायदा तर बरोबरच आहे ना?"

"आहे."

"मग ठीक."

टेबलावर बाटलीचा ओला गोल उमटला होता. तो ऑपरेटरने बाहीने पुसला, खुर्ची सरळ केली, आणि दिवा मालवून ती आपल्या मशीनकडे गेली.