शरणम्मांच्या दारात

माझे वडील नरसिंग, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लोकांना वाटतं, बँडवाल्यांचं बरं असतं, लढाई लागली की मागं बसून राहायचं. एकाहत्तरच्या लढाईत बँडवाल्यांनी वाद्यं पेटीत ठेवली आणि जखमींचे स्ट्रेचर उचलले. दादांनी कुणाकुणाला वाहून आणलं ते कधी सांगितलं नाही. फारच विचारलं तर म्हणायचे, "जड व्हते," आणि विषय संपायचा.

पेन्शन घेऊन ते शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा स्वतःची एक क्लॅरिनेट घेऊनच आले. आमच्या आळीत लग्न असो की भीमजयंती, दादा फुकट वाजवायचे. गावात मात्र कधीच नाही. आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या दारोदार सनई वाजवली होती, उंबऱ्याबाहेर उभं राहून, आणि वरून टाकलेले दाणे उपरण्यात झेलले होते. दीक्षा घेतल्यावर माझ्या आजोबांनी, ज्ञानोबांनी, सनई कायमची खाली ठेवली. दादा फौजेत निघाले तेव्हा आजोबांनी त्यांच्याकडून शब्द घेतला, की गावापुढं वाजंत्री म्हणून पुन्हा उभं राहायचं नाही.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी पावसानं दडी मारली. आळीतला आड आटला. बायका नदीच्या वाळूत खड्डे खणून वाटीवाटीनं घागर भरायच्या. आणि गावाला हौस मिरवणुकीची! नव्या जिल्ह्याचे साहेब येणार होते. एरवी दादांना ‘नरसिंग्या’ म्हणणारे सरपंच शेषेराव आमच्या अंगणात येऊन खाटेवर बसले.

"हवालदारसाहेब, मिरवणुकीत म्होरं तुम्ही वाजवा. बोअरची गाडी येऊन राहिली. पयला बोअर तुमच्या आळीत. माझी जबान हाय."

दादा म्हणाले, "उद्या सांगतो." सरपंच गेल्यावर आळी बोलली. शेजारची म्हातारी कोंडाबाई नदीवर पाय घसरून कंबर मोडून पडलेली. ती अंथरुणावरून म्हणाली, "नरसिंगा, तुझ्या बापाचा शब्द आमाला बी ठावा हाय. पर तहान लई वाईट रं बाबा."

आई, सरजाबाई, चुलीपासून हलली नाही. "शब्द तुमचा हाय. मी आणखी कोसभर लांब जाऊन पाणी आणीन. मला इचारू नका."

पण चुंबळीखाली तिच्या टाळूवरचे केस झिजून गेले होते. ते दादांना दिसत होतं, मलाही दिसत होतं. खरं सांगते, मला आजोबांच्या त्या शब्दाचा रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी दादांनी सरपंचांना निरोप दिला. वाजवीन, पण वर्दीत. आणि कुणाच्या दारातून दाणा घेणार नाही. सरपंचांनी दोन्ही अटी कबूल केल्या.

मिरवणुकीच्या दिवशी दादांनी कडक इस्त्रीची वर्दी घातली, छातीवर पदकं लावली. पलटणीची चाल वाजवत ते साहेबांच्या बैलगाडीपुढं निघाले. मी कडेकडेनं चालत होते. बाप असा दिसतो आणि असा वाजवतो, याचा मला इतका अभिमान वाटत होता की ऊन जाणवत नव्हतं.

मधल्या गल्लीत शरणम्मांचं घर. गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात मायाळू बाई. ती जोंधळ्यानं भरलेलं सूप घेऊन दारात आली. त्या दुष्काळात भरलेलं सूप!

"थांब रे बाळा. तुझ्या बापाला बी मीच घालत व्हते. त्यानं सनई ठिवली तवापासून या दारात असा सूर आला न्हाई."

तिचे डोळे भरून आले होते. तिनं सूप उंच धरलं आणि दादा कापड पसरतील म्हणून वाट बघत उभी राहिली. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. दुष्टपणा असता तर उत्तर सोपं होतं.

मागून सरपंच दबक्या आवाजात म्हणाले, "घे की! सायेब थांबलेत. बोअर पायजे का न्हाई?"

दादांनी क्लॅरिनेट ओठांपासून खाली घेतली. "आजी, हे वाजंत्र्याचं असंल तर मला नगं. पावणा म्हणून जेवाय बोलवत असाल तर येतो. घरात बसून जेवीन."

शरणम्मांच्या मागं त्यांचा मुलगा धोंडप्पा उभा होता, त्याचा चेहरा पडला. म्हातारीनं सुपाकडं बघितलं, दादांच्या छातीकडं बघितलं, आणि सूप तसंच घेऊन ती आत गेली.

सरपंच चिडले, पण शब्दाला जागले. बोअर आमच्याच आळीत झाला आणि पाणी लागलं. कोंडाबाईला चौघींनी खाटेसकट उचलून ते दाखवायला नेलं. आई हापशावर घागर भरताना पाण्यात हात घालून बसली.

पुढच्या आठवड्यात शरणम्मांचा गडी आला. "अम्मांनी हवालदाराला जेवाय बोलिवलंय. घरात."

दादा साधा सदरा घालून गेले आणि लवकरच परत आले. आईनं विचारलं, "काय झालं?"

"ताटं तीन मांडली व्हती. मी बसलो, अन् धोंडप्पा अन् त्याचा भाऊ उठून गेले."

आई भडकली. "मग तुमी बी उठून यायचं की!"

"कसा उठू? म्हातारी वाढत व्हती अन् रडत व्हती. पोरं तर गेलीच व्हती. मी बी गेलो असतो तर तिच्यापाशी कोण ऱ्हायलं असतं? समदं ताट जेवलो. पंगतीत एकटाच."

एवढं बोलून माझा बाप, लढाईतून आलेला माणूस, भिंतीला टेकून हुंदके देऊन रडला. मला काय करावं कळेना. आईला कळलं. तिनं भाकरीची टोपली ओढली, आमची सगळ्यांची ताटं मांडली आणि एक दादांपुढं ठेवलं. ते पोटभर जेवून आले होते. तरी त्यांनी भाकरी मोडली, आणि आम्ही त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून जेवलो.