शिनोलीहून हाक

“पाच वाजता पुण्याचं पावणं येत्यात. तवर ह्या मशिनीचं नाव बदललं पायजे. काय बी टाक, पण प्रयाग नको,” दूध संघाचे नवे चेअरमन सावळेरामभाऊ दारातूनच म्हणाले.

संघाचा संगणक सांभाळणाऱ्या प्रतिभानं घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. “भाऊ, साडेपाचला संध्याकाळचं दूध सुरू व्हतं. उद्या दुपारी केलं तर नाय का चालणार?”

“आन् पावण्यांनी आमच्या संघात कुंडलिकच्या आईचं नाव वाचायचं? मग इलेक्शन कशाला जिंकलो?” जाता जाता ते पुन्हा वळले. “आन् बिघडलं, तर उद्यापासून घरी बस. रोजंदारीच्या माणसाला नोटीस बी लागत न्हाई.”

संघ हातात आला की आधी पाट्या बदलायच्या, ही आपल्याकडची रीतच आहे. जुन्नरच्या त्या कचेरीत फाटकावरची पाटी गेली, हॉलमधला फोटो गेला, उरला होता सर्व्हर. गेल्या साली जुने चेअरमन कुंडलिकराव तो घेऊन आले, नारळ फोडला आणि आपल्या आईचं, प्रयागबाईंचं नाव त्याला देऊन मोकळे झाले.

सर्व्हर म्हणजे एकत्र कुटुंबच म्हणा ना. लोखंडी डबा एक, पण त्याच्या पोटात तीन यंत्रं नांदत होती. एक दुधाचं वजन बघायचं, दुसरं फॅट, तिसरं टँकरच्या फेऱ्या. बारा गावांतली संकलन केंद्रं याच डब्याला नावानं हाक मारायची. ते नाव बदलायचं तर घर बंद करून पुन्हा उघडावं लागणार. उघडलंच नाही, तर तिन्ही बिऱ्हाडं रस्त्यावर आणि बारा गावांचं दूध किटल्यांत!

सर्व्हर बसवून गेलेल्या पुण्याच्या इंजिनियरचा फोन बंद. प्रतिभानं वही काढली. त्यानं कधीकाळी सांगितलेल्या आज्ञा तिनं शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात उतरवून घेतल्या होत्या. या सर्व्हरला ना चित्रं, ना माउसचा उपयोग. काळा पडदा, पांढरी अक्षरं, जे काही करायचं ते टाइप करून. तिनं एकेक अक्षर वहीशी ताडून आज्ञा लिहिली आणि नव्या नावाच्या जागेशी येऊन थांबली. तिथे बारीकशी रेघ लुकलुकत होती.

काय बी टाक म्हणे!

ती लग्न होऊन पिंपळवंडीला आली, त्या दिवशी नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘प्रतिभा’ असं लिहिलं होतं. माहेरचं भागू हे नाव सासरी जुनाट वाटलं. बदलू का, असं तिला कुणी विचारलं नाही. एकटी आई, कोंडाबाई, शेवटपर्यंत भागूच म्हणत राहिली. माघात ती गेली, आणि त्या नावानं हाक मारणारं माणूसच उरलं नाही. प्रतिभाला त्याचं फार वाईट वाटायचं. पण असल्या गोष्टीचं रडगाणं गायचं कुणापुढे?

तिनं भराभर पाच अक्षरं टाइप केली. यंत्रानं विचारलं, नक्की बदलायचं का? निदान यंत्रानं विचारलं तरी. तिनं ‘हो’चं बटण दाबलं आणि सर्व्हर बंद करून चालू करायची आज्ञा दिली.

डब्यातले पंखे थांबले. खोलीत एवढी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. मग पंखे घरघरले, आणि पुढची दहा मिनिटं पडदा नुसता काळा. चार वाजून वीस मिनिटांनी पहिलं यंत्र जागं झालं, मग दुसरं. तिसरं काही उठेना. वहीत शोधून तिनं त्याला हातानं चालू केलं, तेव्हा पाच वाजायला आले होते. पाहुण्यांची गाडी फाटकात शिरत होती.

बाराही केंद्रांच्या संगणकांत अजून जुनंच नाव होतं. यादीचा कागद घेऊन ती फोनला भिडली. कुठे काय बदलायचं ते सांगायची, नव्या नावाची नुसती इंग्रजी अक्षरं सांगायची आणि पुढचं केंद्र लावायची. अकरा केंद्रं झाली, अकरा ठिकाणच्या दुधाचं वजन पडद्यावर उमटायला लागलं. झालं एकदाचं, असं तिला वाटलं.

सहाला फोन वाजला.

“ताई, शिनोलीवरनं बहिरू बोलतोय. आमची प्रयाग ओ देत न्हाई!”

प्रतिभानं यादीचा कागद पुन्हा ओढला. कागदावर जुन्नर तालुक्यातली अकरा केंद्रं पुढच्या बाजूला होती. शिनोली पडली आंबेगावात, म्हणून ती एकटी मागच्या बाजूला. आणि कागद उलटायचं ती विसरली होती.

“बहिरूबाबा, दूध किती झालंय?”

“लई झालंय! वाड्यावाड्यांवरनं बाया किटल्या घिऊन आल्यात. वैशाखाचं ऊन हाय, नासंल ना. पावतीबिगर टँकरचा डायवर दूध भरू देत न्हाई, निघतो म्हणतोय.”

“त्याला म्हणावं, पाचच मिनिटं. पडद्यावर प्रयाग लिहिलंय ना? ते पुसा. आता मी सांगते ती अक्षरं टाका. बी.”

“बी... घावला.”

“एच. ए. जी.”

“दमानं, दमानं. ह्यो जी कुठं बसलाय, राव?”

“एचच्या डावीकडं.”

मागून टँकर सुरू झाल्याचा आवाज आला. बाया एकदम ओरडल्या. प्रतिभानं डोळे मिटून घेतले. “आता यू. शेवटचं.”

“झालं. बी एच म्हंजी भ. भा... गू. भागू व्हय? आमच्या आत्तीचं नाव ह्ये! मारू का हाक?”

“मारा,” ती म्हणाली.

बहिरूबाबाला संगणकाशी मोठ्यानं बोलायची खोड. बटण दाबून तो सगळ्या शिनोलीला ऐकू जाईल असा ओरडला, “भागूऽ! अगं ए भागूऽ!”

“ओ,” प्रतिभाच्या तोंडून निघून गेलं.

“दिली! ओ दिली, ताई! वजन आलं! ए डायवर, थांब की लेका!”

टँकर बंद झाला. शेजारच्या हॉलमधून सावळेरामभाऊंचं भाषण ऐकू येत होतं, संघात आता सगळं नवं आहे म्हणून. पलीकडे बहिरूबाबा फोन ठेवायचाच विसरला होता. किटल्या वाजत होत्या, आणि दर वजनाला त्याची हाक येत होती. प्रतिभानंही फोन ठेवला नाही.