सारिकाचं म्हणणं

भोर आणि वेल्हे मिळून अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था पाच, आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. गेल्या वर्षी पुण्याहून समाजकल्याण खात्याचे साहेब आले, तेव्हा अंधांसाठी झटणारे बोलायला लागले की बहिऱ्यांच्या शाळेवाले उठायचे, आणि ते बसायच्या आत तिसराच कुणीतरी निवेदन पुढे सरकवायचा. साहेब हसून म्हणाले, "आधी तुमचं तुमच्यात ठरवा, मग या." ते हसणं सगळ्यांना झोंबलं. तेव्हापासून नियमच झाला. साहेबांपुढे एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. काही खटकलं तरी तिथं ब्र काढायचा नाही, भांडायचं ते बाहेर आल्यावर. बोलायचं काम आलं हातापायानं अधू असलेल्यांची संस्था चालवणाऱ्या नूतनकडे. नूतनला बोलता येतं हे कुणीच नाकारलं नसतं, आणि आपल्याला बोलता येतं हे नूतनला जरा जास्तच ठाऊक होतं.

मागणी मात्र खरोखर चांगली होती. ज्यांना स्वतःचं स्वतः उठता-बसता येत नाही, अशांसाठी गावातलीच एक बाई सरकारनं मदतनीस म्हणून नेमावी, रोज सकाळी दोन तास. जिल्ह्याचं नवं धोरण ठरत होतं, त्यात एवढं एक कलम बसवायचं होतं. नाहीतर होतं काय, की सांभाळणारं माणूस थकलं की अपंगाला उचलायचं आणि लांबच्या कुठल्यातरी आश्रमात नेऊन टाकायचं. मग गाव तुटतं ते तुटतंच.

सारिकाला ह्याच एका गोष्टीची धास्ती होती. पानशेतला धरणाजवळच्या वस्तीवर ती फुलाबाई चुलतीकडे राहायची. हातपाय जन्मापासून आखडलेले. खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून उचलायचं, सगळं फुलाबाईनं, आणि फुलाबाईच्या कमरेनं आता पार राजीनामा दिला होता. सारिकाचं बोलणं ओढत ओढत, एकेका शब्दाला घाम गाळत यायचं, पण थांबून ऐकणाऱ्याला कळायचं. नूतनला तर आठ वर्षांच्या सवयीनं सगळंच कळायचं. वस्तीखाली गोरखचं हॉटेल होतं. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं तिथं जेवायला येत, आणि त्यांच्या ऑर्डरी मोबाईलवर घ्यायचं काम सारिकाचं. एका बोटाच्या पेरानं ती टाइप करायची, माणसं किती, भाकरी की चपाती, कोंबडी की पिठलं. गोरख तिला पगार द्यायचा. तो कधी उपकार केल्यासारखा वागला, तर सारिका सरळ दोन दिवस मोबाईल बंद ठेवायची.

भोरला साहेबांपुढच्या बैठकीच्या सकाळी नूतन जीप घेऊन वस्तीवर आली, तेव्हा सारिका मोरपंखी ड्रेस घालून, गळ्यात दोरीनं मोबाईल अडकवून तयार होती. केसांत अबोली माळलेली.

"सारिका, जुना ड्रेस नाही का गं एखादा?"

"का?"

"साहेबांना पाझर फुटला पाहिजे. आणि मोबाईल माझ्याकडे दे. तो बघितला की म्हणतील, मोबाईल चालवते, हिला कशाला मदतनीस? एकदाच, आजच्या दिवस."

सारिका जोर लावून म्हणाली, "म्या... बोलनार."

"दहा मिनिटं मिळणार आहेत आपल्याला. आज मी बोलते."

"ताई म्हनत्यात तर आईक की," फुलाबाई म्हणाली. "त्यांला कळतंय त्यातलं."

लोक पोरगी दाखवायची असली की नटवतात. इथं दाखवायची म्हणून तिचं एकेक उतरवलं. ड्रेस गेला, अबोली गेली, मोबाईल नूतनच्या पर्समध्ये गेला. पाबे घाट ओलांडून, नसरापूरवरून जीप भोरला पोचेपर्यंत सारिका एक अक्षर बोलली नाही, आणि ती बैठकीचा विचार करत असेल अशी नूतननं स्वतःची समजूत घातली.

सभागृह भरलेलं होतं. फुलाबाईला मागच्या रांगेत जागा मिळाली, सारिकाची खुर्ची नूतननं साहेबांच्या समोर लावली. आणि मग ती बोलली, खरंच छान बोलली. "साहेब, ह्या मुलीकडे बघा. हिला हात हलवता येत नाही. बोलता येत नाही. दिवसभर नुसती एका जागी बसून असते." शुक्रवार होता, शनिवार-रविवारच्या ऑर्डरी यायचा दिवस. मांडीवरच्या पर्समध्ये मोबाईल थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. नूतननं पर्स कोपरानं दाबून धरली आणि बोलत राहिली.

साहेब मनाचे हळवे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. पाझर फुटला, पण तो भलतीकडेच वाहत गेला.

"ताई, इतकी वाईट अवस्था असेल तर दोन तासांची बाई देऊन काय होणार? बाकीचा दिवस हिनं काय करायचं? अशांना वस्तीवर ठेवणं हाच अन्याय आहे. ह्यांची सोय निवासी गृहातच व्हायला हवी. धोरणात आपण तेच घालू. मानसिंगराव, तुमच्याकडे जागा आहे ना?"

मानसिंगराव पाचांतलेच, भोंगवलीकडे निवासी गृह चालवायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी नूतनकडे पाहिलं, मग मान डोलावली. "आहे, साहेब."

"मग सुरुवात हिच्यापासूनच करू."

भीक नको पण कुत्रं आवर, अशी नूतनची गत झाली. एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, मी वाढवून सांगितलं, ही मुलगी कमावती आहे. पण ते बोलायचं म्हणजे पाच संस्थांच्या देखत आपण खोटारडं ठरायचं. तिनं पर्स आणखी घट्ट दाबून धरली.

तेवढ्यात सारिका बोलायला लागली. मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा फुगल्या. "न्हाई... म्या... घरीच... ऱ्हानार. म्या... काम... करते."

साहेब पुढे वाकले. "काय म्हणतेय ती?"

सगळ्यांनी नूतनकडे पाहिलं. फक्त बहिऱ्यांच्या शाळेतल्या अजितनं खाली पाहिलं. तो पानशेतला दोन-तीनदा येऊन गेला होता, त्याला तिचं बोलणं कळायचं.

"आभार मानतेय, साहेब," नूतन म्हणाली.

साहेबांनी सारिकापुढे हात जोडले. सारिकानं तोंड मिटलं. ती ओरडली असती, रडली असती, तर नूतनला सोसलं असतं. ती नुसती नूतनकडे बघत राहिली, बैठक संपेपर्यंत.

बाहेर आल्यावर अजित जवळ आला. "ताई, ती तसं नव्हती म्हणाली."

"मग तू का गप्प बसलास?"

"नियम आपलाच आहे ना," तो म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.

परतताना नूतननं मोबाईल सारिकाच्या गळ्यात घातला. ऑर्डरी तुंबल्या होत्या. सारिकानं त्या वाचल्यासुद्धा नाहीत. फुलाबाईला मागं बसून धड ऐकू आलं नव्हतं, साहेबांनी हात जोडले तेवढं मात्र दिसलं होतं, आणि म्हातारी सगळी वाट खुशीत होती. "लई झ्याक बोलला ताई तुमी. आवो, एवढा मोठा सायेब, त्यानं हात जोडलं की आमच्या पोरीला! मग बाई कवापास्नं येनार?" नूतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बघू, कळवतील, असं काहीबाही पुटपुटत तिनं घाट काढला. आयुष्यभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी मांडून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य सापडेना.

ते वस्तीवर, चहाची कपबशी हातात आल्यावर सापडलं. फुलाबाई शेजारणीला हाका मारून सायबाची गोष्ट सांगायला लागली, तेव्हा नूतनला पुढं ऐकवेना. तिनं सगळं सांगून टाकलं.

फुलाबाई उंबऱ्यावर बसली. "न्हेनार तिला? म्या जित्ती असताना?" मग तिनं विचारलं, "आन् पोरगी काय म्हनली हुती?"

नूतननं सांगितलं.

"आन् तुमी काय सांगितलंसा?"

तेही सांगितलं. फुलाबाईनं शिव्या दिल्या नाहीत. "च्या घ्या," ती म्हणाली, "निवतोय." ह्यापेक्षा तिनं तोंडावर थुंकायला हवं होतं असं नूतनला वाटलं.

"सायबाला... फोन... लावा," सारिका म्हणाली.

"उद्या पाचही संस्थांची बैठक बोलावते. सगळ्यांचं ठरलं की मग—"

"आत्ता."

नूतननं फोन लावला, आवाज मोठा केला. साहेब वाटेत होते. "साहेब, सारिकाला तुमच्याशी बोलायचंय. ती बोलेल, मी मागून तसंच्या तसं सांगेन." आणि सारिका बोलायला लागली. अंगणात शेजारणी उभ्या होत्या, हॉटेलातून गोरख वर आला होता. एकेक वाक्य व्हायला वेळ लागत होता, आणि नूतन पहिल्यांदाच मध्ये तोंड न घालता थांबत होती.

"मी पानशेत सोडणार नाही," नूतन म्हणाली. "मी हॉटेलाच्या ऑर्डरी घेते. मला पगार मिळतो. मला सकाळी उठवायला आणि अंघोळ घालायला बाई पाहिजे. राहायला घर नको, घर आहे."

मग सारिका थांबली. तिनं दम घेतला, नूतनच्या डोळ्यांत बघितलं आणि बरंच लांब काहीतरी बोलली. नूतनला पहिल्याच खेपेला कळलं, तरी तिनं विचारलं, "काय?" सारिकानं अगदी सावकाश, पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

"नूतनताईंनी सकाळी माझा मोबाईल काढून घेतला," नूतन म्हणाली. "मला बोलता येत नाही असं त्यांनी सांगितलं. ते खोटं आहे. मी आभार मानले नव्हते."

साहेबांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितल्याचं फोनमध्ये ऐकू आलं. मग साहेबांनी विचारलं, "हे कोण म्हणतंय, ताई? ती की तुम्ही?"

"ती म्हणतेय, साहेब. खरं तेच म्हणतेय," नूतन म्हणाली, आणि फोन सारिकाच्या तोंडाशी धरून तिच्या पुढच्या शब्दासाठी थांबली.